चौपट पैसे आणि एक ‘नाही’

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत सकाळी सातच्या सुमाराला गेलात तर वांग्यांचा ढीग पुढे घेऊन बसलेली एखादी बाई हमखास भेटेल. भाव विचाराल तर साठ रुपये किलो सांगेल. तुम्ही म्हणालात, “मावशी, दोनशे चाळीसनं घेतो, सगळी पाटी द्या,” तर ती आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग तुमचा विचार बदलायच्या आत पाटी पिशवीत रिकामी करेल. चौपट भाव आला तर नाही कोण म्हणेल?

आता याच बाईच्या घरच्या तीस गुंठ्यांवरून मोठा रस्ता जाणार आहे असं समजा. सरकार ‘चौपट मोबदला’ म्हणतं. आणि मोजणीची माणसं यंत्र घेऊन शिवारात आली की हीच बाई बांधावर आडवी बसते. वांग्यांच्या वेळी जिला चौपट पुरले, तिला जमिनीच्या वेळी का पुरत नाहीत?

याला दोन उत्तरं तयार असतात. शहरातला माणूस म्हणतो, “पैसे वाढवून घ्यायचे आहेत, दुसरं काय!” गावातला म्हणतो, “जमीन म्हणजे काळी आई, आईला कोण विकतं?” दोन्हीत थोडं तथ्य आहे, पण कोडं काही सुटत नाही. दरवर्षी हजारो खरेदीखतं होतात, म्हणजे काळी आई विकली जाते. आणि नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर भांडण मोजणीच्या आधी नव्हे, नंतर झालं असतं.

सध्या कोल्हापुरात या कोड्याला ‘शक्तिपीठ महामार्ग’ असं नाव आहे. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीप्रमाणे ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा, माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूरची देवस्थानं जोडणारा रस्ता. पहिल्या आखणीत जिल्ह्यातले शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड आणि आजरा हे तालुके त्याच्या वाटेत येत होते. २०२४ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, विरोध पेटला आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरपुरती ती मागे घेतली गेली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली. लगेच १ जुलैला, कृषिदिनी, आंदोलकांनी शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. रस्त्याला पाठिंबा देणारे शेतकरीही जिल्ह्यात आहेत. रस्ता हवा की नको हे ज्याचं त्याने ठरवावं. मला इथे कोड्याच्या मुळाशी जायचं आहे आणि त्यासाठी एका जुन्या विचारपरंपरेची मदत घ्यायची आहे.

तिला अभिजात उदारमतवाद म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी म्हणणं सोपं आहे: माणूस स्वतःचा मालक, म्हणून त्याच्या कष्टाचं फळही त्याचं, आणि सरकार म्हणजे गावाने मिळून नेमलेला राखणदार. राखणदाराच्या हातात काठी असते, ती असायलाही हवी. पण त्याने मालकाच्याच घरात शिरायचं झालं तर कोणत्या अटींवर, हा या मंडळींचा तीनशे वर्षांचा प्रश्न आहे.

खरेदीखताला दोन होकार लागतात

इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ च्या सुमाराला मांडलेला मुद्दा असा. रान पडीक असतं. कोणीतरी झाडंझुडपं काढतं, दगड वेचतं, ताल घालतं, पाणी आणतं. त्या रानात त्याचे श्रम मिसळतात आणि तिथून ते त्याचं होतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना लॉक वेगळा समजावून सांगायची गरज नाही. घामाचं जे आहे ते घामवाल्याचं, इतकंच तो म्हणतो. मग राजाला ते काढून घेता येतं का? लॉक म्हणतो, संमतीशिवाय नाही. पण संमती कोणाची? इथे तो थोडा सैल पडतो. लोकप्रतिनिधींच्या बहुमताची संमतीही त्याला चालते. ही सैल गाठ पुढे फार महागात पडली.

आता विक्रीकडे बघू. तुम्ही गावातल्या एखाद्याला दहा गुंठे विकता तेव्हा दोन माणसं ‘हो’ म्हणतात. तुमच्या लेखी त्या दहा गुंठ्यांचं मोल समजा दहा लाख, त्याच्या लेखी पंधरा. बारा-तेरा लाखांवर सौदा तुटतो, दोघंही खूश होऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडतात आणि समोरच्या गाड्यावर चहा पितात. तुमच्या लेखी मोल वीस लाख असतं तर सौदा झालाच नसता. म्हणजे ‘नाही’ म्हणता येणं हाच सौद्याचा तराजू आहे. तुमच्या मनातलं मोल बाहेरून कोणाला दिसत नाही, ते फक्त तुमच्या नकारातून किंवा होकारातून कळतं.

भूसंपादनात एकाच्या हातातून हा तराजू काढून घेतला जातो. सरकार घेणारं, सरकारच किंमत ठरवणारं, आणि देणाऱ्याचा होकार गृहीत. ज्या स्थळाला मुलीने नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, तिथे तिचा होकार विचारण्यात काय अर्थ? पैसे कमी मिळाले की जास्त, हा पुढचा भाग. आधी हे पाहायचं की तो आकडा आता मोल सांगत नाही, नुसता हिशेब सांगतो.

त्या बाईच्या तीस गुंठ्यांत काय-काय असतं ते जवळून बघा. सातबाऱ्यावर दिसतं ते क्षेत्र, आकार आणि पीक. सातबाऱ्यावर न दिसणारं बरंच असतं: नदीवरून पाणी उचलणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेचा हिस्सा, साखर कारखान्याचं सभासदत्व आणि त्यावर मिळणारी सवलतीची साखर, यंदाची लावण तुटल्यावर येणारा पुढच्या वर्षीचा खोडवा, गोठ्यातल्या दोन म्हशींची वैरण, ऊसबिलाच्या भरवशावर सोसायटीत असलेली पत, शेजारच्या भावकीशी बैल-ट्रॅक्टरची अदलाबदल. रस्ता मधून गेला तर उरलेल्या दोन तुकड्यांत पाइपलाइन तुटते, पलीकडच्या तुकड्यात जायला वळसा पडतो. निवाड्यात विहिरीचे, झाडांचे, घराचे पैसे वेगळे धरतात, ते खरं. पण ‘वळशाचं’ पुरतं मोल कुठल्याच रकान्यात मावत नाही. आणि आलेल्या पैशातून तेवढीच बागायती जमीन पंचक्रोशीत कोणी विकायला काढलेली असते का? जिथे सगळ्यांकडेच पैसे एकदम येतात, तिथे उरलेल्या जमिनीचे भाव आधी आभाळाला भिडतात.

वांगी उद्या पुन्हा तोडता येतात, म्हणून त्यांना चौपट पुरतात.

मग सरकारने घेऊच नये का?

इथे बरेच वाचक म्हणतील, असं प्रत्येकाच्या ‘नाही’वर बसलो तर एक रस्ता होणार नाही. बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे बहुतेक अभिजात उदारमतवाद्यांनाही ते मान्य आहे.

कोणत्याही गावातली पाणंद आठवा. चाळीस खातेदारांचा ऊस त्या वाटेने बाहेर निघतो. एकोणचाळीस जणांनी वाट सोडली आणि चाळिसाव्याने मध्येच नांगर घातला तर काय होतं? ऊसतोडीची गाडी अडते आणि चाळिसावा राजा होतो. त्याच्या दोन फूट पट्ट्याची किंमत जमीन म्हणून काहीच नसते, पण अडवणूक म्हणून ती लाखाची होते. त्यामुळेच मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराला वाटेतला अडथळा काढायचा हुकूम देता येतो. त्या हुकुमाला गावात कोणी जुलूम म्हणत नाही.

ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने १६२५ मध्ये या अधिकाराला नाव दिलं. राज्याकडे सर्वांच्या मालकीवर एक ‘वरचढ हक्क’ असतो, पण तो गरजेपुरता, आणि वापरला तर भरपाई द्यायची, असं त्याने लिहिलं. फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सतरावं कलम त्याहून कडक आहे. मालमत्ता अनुल्लंघनीय मानून ते तीन अटी घालतं: सार्वजनिक गरज उघड असली पाहिजे, ती कायद्याने सिद्ध झालेली असली पाहिजे, आणि न्याय्य भरपाई आधी दिली पाहिजे. ‘आधी’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या कित्येक गावांना त्या एका शब्दाची किंमत पुरेपूर कळलेली आहे.

फ्रान्सच्याच फ्रेडरिक बास्तियाने १८५० मध्ये याहून सोपी कसोटी सांगितली. जे काम एखाद्या नागरिकाने केलं तर त्याला चोरी म्हणू, तेच कायद्याच्या हाताने करून घेतलं जात असेल तर ती कायदेशीर लूट. पाणंद या कसोटीला उतरते, कारण चाळिसाव्याचा ऊसही तिथूनच जातो. जिथे एकाची जमीन घेऊन दुसऱ्याच्या खिशात घालतात, तिथे ही कसोटी टोचायला लागते.

कोणासाठी?

हे टोचणं महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवलंय. मुळशीचं धरण बांधायचं होतं टाटांच्या वीज कंपनीला. जमीन घेतली जात होती इंग्रज सरकारच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, कारण त्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन संपादन करायला एक आख्खा भाग होता. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट त्यात उतरले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि ती मिळालीही. पण गिरणीमालकाला वीज हवी म्हणून मावळ्याने भातखाचर द्यायचं, यातलं ‘सार्वजनिक’ काय, हा मावळ्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यू लंडन नावाच्या छोट्या शहराने एक वस्ती उठवायची ठरवली. शेजारी एका बड्या औषध कंपनीचं संशोधन केंद्र आलं होतं, त्याला जोडून हॉटेलं, घरं, कार्यालयं उभी राहतील, रोजगार येईल, कराचं उत्पन्न वाढेल, असा युक्तिवाद होता. सुझेट केलो या बाईंनी आपलं गुलाबी घर सोडायला नकार दिला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. चारच वर्षांनी ती औषध कंपनी शहर सोडून जात असल्याची घोषणा झाली आणि उठवलेल्या वस्तीची जागा पुढे कित्येक वर्षं ओसाड पडून राहिली. त्या निकालाने लोक इतके चिडले की चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलले.

आपल्याकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने या प्रश्नाला संमतीचा आकडा लावला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. शिवाय आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा, त्यावर जनसुनावणी घ्यायची. पूर्ण सरकारी प्रकल्पाला मात्र संमतीची अट नाही. उदारमतवाद्याला हे अर्धवट वाटेल, कारण उरलेल्या वीस-तीस टक्क्यांचं ‘नाही’ तरीही गेलंच. तरी १८९४ च्या तुलनेत ही मोठी मजल होती.

चौपट म्हणजे नक्की किती?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सावकाश जाऊ. २०१३ च्या कायद्याप्रमाणे पायाभूत किंमत काढताना मुद्रांकासाठीचा शासकीय दर (लोक ज्याला रेडी रेकनर म्हणतात तो) आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या किमतीच्या अर्ध्या दस्तांची सरासरी यांची तुलना होते, आणि जास्त असेल तो आकडा धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधला गुणक लावतात. त्यात झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवतात आणि आलेल्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर देतात. शिवाय मूळ किमतीवर ठरावीक काळाचे वर्षाला १२ टक्के मिळतात.

खालचा हिशेब समजण्यापुरता, कल्पित आकड्यांचा आहे.

> चौकट : एका गुंठ्याचं गणित
>
> कागदावरची (दस्तातली) किंमत : ५०,००० रुपये
>
> गुणक २ असेल तर : १,००,००० + तेवढीच दिलासा रक्कम = २,००,००० (कागदाच्या चौपट)
>
> गुणक १ असेल तर : ५०,००० + तेवढीच दिलासा रक्कम = १,००,००० (कागदाच्या दुप्पट)
>
> गावात प्रत्यक्ष चालू असलेला भाव : १,५०,००० रुपये
>
> म्हणजे ‘चौपट’ मोबदला चालू भावाच्या सव्वापटीच्या थोडा पुढे जातो, आणि ‘दुप्पट’ मोबदला चालू भावाच्याही खाली राहतो.

कागदावरचा आणि चालू भाव वेगळा का, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मुद्रांक शुल्क वाचवायला दस्तात किंमत कमी दाखवायची, उरलेले ‘वरून’ द्यायचे, हा जुना रिवाज. तो रिवाज भूसंपादनाच्या वेळी बूमरँगसारखा परत येतो, आणि तोही ज्याने कधी जमीन विकली-घेतली नाही अशा माणसाच्या अंगावर. शेजाऱ्याने वाचवलेल्या शुल्काची किंमत याच्या मोबदल्यातून जाते. उदारमतवादी यात दोष सरकारचाच धरेल. जड शुल्क, शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकता येण्याचं बंधन, कमाल धारणेची मर्यादा, बिगरशेती परवान्याचे हेलपाटे, या सगळ्यांनी जमिनीचा मोकळा बाजार आधीच दाबून ठेवलेला. मग त्याच दाबलेल्या बाजारात सरकार भाव विचारायला जातं. मला स्वतःला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, दस्तात खोटं लिहिणारे हात आपलेच असतात. पण दाबलेल्या भावाचा फायदा सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाला होतो, हे काही खोटं नाही.

गुणकाची गोष्टही अशीच. २०२१ साली महामार्गांच्या संपादनासाठी राज्याने तो २ वरून १ वर आणला. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या अंकली ते चोकाक या टप्प्यातल्या शेतकऱ्यांची ‘चौपट द्या’ ही मागणी का उसळली, ते वरच्या चौकटीवरून कळेल. एकाच रस्त्यावर, एकाच मातीत, आधीच्या टप्प्याला एक दर आणि पुढच्याला दुसरा! खरेदीदार स्वतःच वजनं बदलू शकतो, तेव्हा असं होतं.

ज्यांची जमीन गेलीच नाही

आणखी एक बाजू आहे, ती कोल्हापूर-शिरोळच्या लोकांना लगेच कळेल. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी गाठतं, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ते त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळचा महामार्ग बंद पडला. पूरपट्ट्यात उंच भराव घालून रस्ता केला की तो आडव्या बांधासारखा उभा राहतो. मोऱ्या आणि पूल पुरेसे ठेवले नाहीत तर पाणी तुंबतं आणि ज्याच्या शेतातला एक गुंठाही संपादनात गेला नाही, त्याच्या उसात आठवडाभर उभं राहतं.

त्याला मोबदला कोणत्या रकान्यात? त्याचं नाव बाधितांच्या यादीतच नाही. अभिजात उदारमतवादाचा जुना नियम सांगतो की तुझ्या मालमत्तेत तुला हवं ते कर, पण तुझं पाणी, तुझा धूर शेजाऱ्याच्या अंगणात जाता कामा नये. हाच नियम रस्ता बांधणाऱ्या सरकारला लावला तर भूसंपादनाचा खर्च आज कागदावर दिसतो त्याहून बराच मोठा निघेल. शक्तिपीठाला शिरोळ तालुक्यातून झालेल्या विरोधात पुराची भीती सतत ऐकू येत होती, ती यामुळे.

महाराजांनी काय घेतलं?

आता एक अवघड प्रश्न, आणि तोही कोल्हापूरच्याच दप्तरातला. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द केली आणि गावच्या दप्तरावर पगारी तलाठी नेमले. वतनदारांनी आरडाओरड केली. त्यांचं म्हणणं होतं, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं, वारसाने आलेलं, याची वाटणी होते, याच्यावर कर्ज निघतं, मग मालमत्ता नाही तर काय? सरकारने खासगी मालमत्ता काढून घेतली, असं म्हणायचं का?

उदारमतवादी इथे थांबून विचारेल की ही मालमत्ता आली कुठून. श्रमातून, खुल्या खरेदीतून, की सत्तेने दिलेल्या मक्तेदारीतून? गावचं दप्तर एकाच घराण्याने सांभाळायचं, दुसऱ्या कोणी लेखणीला हात लावायचा नाही, हा हक्क सत्तेने निर्माण केलेला. ॲडम स्मिथने आयुष्यभर ज्यांच्यावर टीका केली ते असेच विशेषाधिकार होते. ते मागे घेणं म्हणजे लूट नव्हे, उलट बंद दार उघडणं.

त्याच वर्षी महाराजांनी महार वतनंही मोडली, आणि इथे चित्र अगदी उलटं होतं. वतनाची तुटपुंजी जमीन हातात, आणि तिच्या बदल्यात सरकारी कामाची वेठ पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात. महाराजांनी वेठ काढली आणि जमिनी रयतावा करून कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. इथे सरकारने घेतलं काही नाही, मालकी दिली. ज्या जमिनीला ‘नाही’ म्हणता येत नाही ती मालमत्ता नसून साखळी असते, हे त्या हुकुमाइतकं स्पष्ट क्वचितच कोणी दाखवलं असेल.

पुढचा कूळकायदा मात्र उदारमतवादी परंपरेला खरोखर अडचणीत टाकतो. १ एप्रिल १९५७ ला मुंबई राज्यातली कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली, किंमत सरकारी यंत्रणेने ठरवली. मूळ मालकाच्या बाजूने बघितलं तर ही सक्तीची विक्रीच. पण लॉकला साक्षीला बोलावलं तर तो कोणाच्या बाजूने बोलेल? सातबाऱ्यावर मालकाचं नाव, आणि मातीत घाम कुळाचा. जॉन स्टुअर्ट मिलने तर लिहूनच ठेवलंय की जमीन कोणा माणसाने निर्माण केलेली नाही, त्यामुळे तिच्यावरचा हक्क इतर मालमत्तेइतका पवित्र नाही, फक्त घ्यायची तर भरपाई द्या. आगरकरांनी ज्याला गुरू मानलं त्या हर्बर्ट स्पेन्सरने तरुणपणी जमीन सर्वांची म्हटलं आणि म्हातारपणी ते मागे घेतलं. या प्रश्नावर उदारमतवाद्यांचं आपसात कधीच एकमत झालं नाही, आणि तसं झाल्याचं जो सांगेल त्याने ती पुस्तकं उघडलेली नसावीत.

मूलभूत हक्क ते ३००-अ

१९५० च्या राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. पुढच्याच वर्षी, १८ जून १९५१ ला, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववं परिशिष्ट आलं. त्यात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी तेव्हाची तरतूद होती. सुरुवातीला १३ कायदे होते, त्यात मुंबईचा १९४८ चा कूळकायदाही होता. ती यादी वाढत पुढे २८४ वर गेली. किसानपुत्र आंदोलन आजही १८ जून हा काळा दिवस मानतं, ते याच कारणाने.

दरम्यान बंगालमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोबदला म्हणजे घेतलेल्या वस्तूची खरी, तुल्य किंमत. तिथल्या कायद्याने निर्वासितांसाठी जमीन घेताना किंमत ३१ डिसेंबर १९४६ च्या भावावर गोठवली होती, संपादन कितीही वर्षांनी होवो. न्यायालयाने ते फेटाळलं. संसदेने १९५५ मध्ये घटनाच बदलली आणि मोबदला पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाच्या हातातून काढून घेतला. शेवटी ४४ व्या दुरुस्तीने १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून बाहेर पडून कलम ३००-अ मध्ये जाऊन बसला: कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. कायदा करणारं सरकार आणि घेणारंही सरकार, तेव्हा हे कुलूप कितपत मजबूत हे वेगळं सांगायला नको.

अलीकडे न्यायालयाने त्या कुलपाला थोडं तेल घातलंय. महाराष्ट्रातल्याच एका औद्योगिक जमिनीच्या खटल्यात, जिथे शेतकऱ्यांना दशकानुदशके मोबदला मिळाला नव्हता, मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्क असल्याचं न्यायालयाने म्हटलं. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात त्याने ३००-अ च्या पोटात सात गोष्टी असल्याचं सांगितलं. नोटीस, हरकतीची सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला, वेळेत कारवाई, आणि रीतसर शेवट. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून सुरू झालेल्या खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे आपोआप ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही.

बाजूचं दार

पण वाड्याचा मुख्य दरवाजा कितीही भक्कम केला तरी परसदार उघडं असेल तर? २०१८ मध्ये महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्यात कलम १०५-अ घातलं. त्यामुळे राज्याच्या चार कायद्यांखाली जमीन घेतली तर मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू करायच्या, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि संमती मात्र नाही. ते चार म्हणजे महामार्ग कायदा १९५५, औद्योगिक विकास कायदा १९६१, नगररचना कायदा १९६६ आणि म्हाडा कायदा १९७६. राज्यात रस्ता, औद्योगिक वसाहत, नगररचना आणि घरबांधणी यांच्याबाहेर जमीन घ्यायची कारणं किती उरतात, हे वाचकांनी स्वतः मोजावं. माझ्या मते २०१३ च्या कायद्याला महाराष्ट्रात सर्वात मोठं भोक इथे पडलं, आणि त्यावर मोबदल्याच्या आकड्यांइतकी चर्चा कधीच झाली नाही.

म्हणजे आज त्या बाईच्या हातात पूर्ण ‘नाही’ नाही. तिच्याकडे उरलीय ती हरकत, आणि तिला मुदत असते. कोणत्या कायद्याखाली अधिसूचना निघाली त्यावर ती मुदत बदलते, म्हणून नोटीस हातात आली की सर्वात आधी कायद्याचं नाव आणि तारीख वाचा. हरकत लेखी द्या. आपला गट नंबर, विहीर, पाइपलाइन, रस्त्यामुळे तुटणारा तुकडा, पुराचं पाणी, आणि जे सातबाऱ्यावर दिसत नाही तेही सगळं त्यात लिहा. मोबदला घ्यायची वेळ आलीच तर हक्क राखून घेत असल्याचं लिहून द्या. नाहीतर वाढीव मोबदल्यासाठी पुढे दाद मागणं अवघड होतं. आणि प्रांत कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.